सर्टिफिकेट मुलीचे, कमाई ब्युरोची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत विजेच्या खांबांवर कागद चिकटतात. 'सहा महिन्यांत नर्स बना, शंभर टक्के नोकरी.' आईबाप बचतगटाचे कर्ज काढतात, नाहीतर दागिना गहाण ठेवतात आणि फी भरतात. सहा महिन्यांनी सोनेरी काठाचे सर्टिफिकेट येते. विहारात सत्कार होतो आणि सगळे म्हणतात, पोरगी नर्स झाली.

आमचे स्पष्ट म्हणणे आहे, ती नर्स झालेली नाही. नर्स होण्यासाठी एएनएमची दोन वर्षे किंवा जीएनएमची तीन वर्षे मान्यताप्राप्त संस्थेत काढावी लागतात आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते. सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी नर्सिंग असिस्टंट असते. सरकारी भाषेत तिला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. हे काम हलके आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र खोट्या नावाने कामाला लागलेली मुलगी दोन्हीकडून मार खाते. नर्स म्हणून पाठवले की तिच्या हातात इंजेक्शनची सुई देतात आणि काही बिघडले तर दोष तिच्या माथी येतो. पगाराची वेळ आली की तीच मुलगी 'आयाबाई' होते.

असिस्टंटचे काम काय, हे आधी समजून घेऊ. पेशंटला अंथरुणातच पुसून काढणे, तोंडाची स्वच्छता, भरवणे, बेडपॅन देणे, उठवणे-बसवणे, ताप-बीपी पाहून लिहून ठेवणे, लघवी किती झाली ते मोजणे. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली रुग्णालयातच हल्ला झाला. २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या अंथरुणावर होत्या. केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांची अशी शुश्रूषा केली की ३७ वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. ज्याला लोक 'नुसते अंग पुसायचे काम' म्हणतात, त्याची किंमत ही आहे. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या वस्तीतले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत त्यांचा जीव गेला. शुश्रूषेला हलके समजणारा समाज आपला नव्हे.

आता नोकरीचे बोलू. खारदांड्यातून काम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कार्टर रोड आणि पाली हिलच्या इमारतींत म्हातारी माणसे एकटी आहेत, मुले परदेशात आहेत. त्या घरांत पोहोचायचा रस्ता मात्र ब्युरोतून जातो. ब्युरो पेशंटच्या घरून एक रक्कम घेतो आणि मुलीला दुसरी देतो. मधले किती कापले, हे तिला कळतच नाही. ड्यूटी बारा तासांची. सुट्टी घेतली तर खाडा. पेशंट वारला की त्याच दिवशी काम संपले. रुग्णालयात ब्युरोच्या जागी कंत्राटदार असतो, एवढाच फरक.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९४६ साली ते मंजूर झाले आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज त्यांचीच लेक आठवड्याचे सहा दिवस बारा-बारा तास, म्हणजे ७२ तास राबते. वर काही घरांत तिला आडनाव विचारले जाते आणि मग कपबशी वेगळी निघते. पेशंटची घाण काढायला चालते, पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला चालत नाही, असे मुली आम्हाला येऊन सांगतात. गावाबाहेरची कामे आपल्या माथी मारणारी जात अशी सर्टिफिकेट घालून परत येत असेल, तर आपण गप्प का बसायचे?

काही जण म्हणतात, घर चालायचे आहे, मिळेल ते काम बरे, मुलींना घाबरवू नका. घर चालायचे आहे हे आम्हालाही कळते. ज्या बाईच्या पदरात दोन पोरे आहेत, तिला तीन वर्षे शिकत बसा असे कोण सांगणार? तिने हे काम जरूर करावे, पण डोळे उघडे ठेवून करावे.

फी भरण्याआधी सेंटरवाल्याला विचारा : वॉर्डात प्रत्यक्ष काम किती दिवस, कोणत्या रुग्णालयात, परीक्षा कोण घेणार? नुसत्या पुतळ्यावर शिकवणार असतील तर पैसे देऊ नका. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालच्या कोर्सला शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत. त्या योजनेचे नाव सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा.

ड्यूटी धरण्याआधी कामाचे स्वरूप, तास, पगार आणि कमिशन लिहून घ्या. मूळ सर्टिफिकेट कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. इंजेक्शन आणि सलाईन आपले काम नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या रुग्णालयात पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचा नंबर मागा. त्यासाठी तुमच्या पगारातून फक्त पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. हेपेटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण करा. छळ झाला तर २०१३ चा कायदा रुग्णालयाला लागू आहे आणि पेशंटच्या घरालाही. घरात काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

ज्या मुली बारावी झाल्या आहेत आणि ज्यांना घर थोडा आधार देऊ शकते, त्यांनी असिस्टंटवर थांबू नये. केईएम, नायर, सायन इथे महापालिकेच्या नर्सिंग शाळा आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, प्रवेशाच्या वेळी धावपळ करून तो मिळत नाही.

शेवटचे म्हणणे मंडळांना आणि महिला संघांना. विहारात एक वही ठेवा. कोणता ब्युरो किती कापतो, कोणत्या सेंटरमधून खरेच वॉर्डात पाठवतात, कोणत्या घरी मुलीला माणसासारखे वागवतात, ते मुलींकडून ऐकून लिहा. मुलगी ब्युरोशी बोलायला जाईल तेव्हा दोन बायका सोबत जा. एकटीला 'जमत असेल तर कर, नाहीतर दुसरी आहे' म्हणतात. दहा जणी एकच भाव सांगतील तेव्हा ब्युरोला तो ऐकावाच लागेल. जयंतीच्या वर्गणीतून एका मुलीची जीएनएमची पहिली फी निघाली, तर डीजेचा आवाज थोडा कमी झाल्याचे कोणाला वाईट वाटणार नाही.

जय भीम.