नळावरचा टायमर आणि टाकीची उंची

एप्रिल संपत आला की गच्चीत किंवा बाल्कनीत बाग फुलवलेल्या घरांत एक प्रश्न ठरलेला असतो: सगळे गावाला गेल्यावर झाडांना पाणी कोण घालणार? शेजारच्या काकू, सोसायटीचा वॉचमन, नाहीतर मागे राहिलेले आजोबा, ही त्याची आजवरची उत्तरं. आता त्यांत एका छोट्या यंत्राची भर पडली आहे. नळाला फिरवून बसवायचं, पेन्सिल सेल घालायचे, मोबाइलवर ॲप घ्यायचं आणि रोज सकाळी सहाला दहा मिनिटं पाणी सुटेल अशी वेळ लावून ठेवायची. माणूस गुहागरला असो की न्यू जर्सीला, कुंड्यांना पाणी मिळतं.

सोय खरी आहे. गुडघे दुखणाऱ्या, कंबर धरणाऱ्या ज्येष्ठ बागप्रेमींसाठी तर ती फार मोठी आहे. बादल्या उचलणं थांबलं की त्यांची बाग आणखी कित्येक वर्षं टिकते. म्हणूनच हे यंत्र नीट निवडलं जावं आणि नीट लावलं जावं असं मनापासून वाटतं. मात्र खोक्यावर ‘पाण्याची बचत’ असं ठळक छापलेलं असतं, ते तसंच्या तसं मान्य करता येत नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या १२ ठिकाणच्या सुमारे १,२०० घरांचा पाणीवापर मोजून केलेला एक मोठा अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या संशोधन प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केला. बागेला आपोआप पाणी सोडणारा टायमर ज्या घरांत होता, ती घरं टायमर नसलेल्या घरांपेक्षा घराबाहेर ४७ टक्के जास्त पाणी वापरत होती. ठिबक बसवलेल्या घरांचा वापरसुद्धा १६ टक्के जास्त होता. आणि हातात नळी धरून पाणी घालणारे? त्यांचा वापर इतरांपेक्षा ३३ टक्के कमी निघाला.

ते टायमर जुन्या पद्धतीचे होते आणि तिथल्या अंगणात हिरवळ मोठी असते, हे लक्षात घेऊनही हे आकडे विसरण्यासारखे नाहीत. हाताने पाणी घालणारा माणूस माती पाहत असतो. कुंडी ओली दिसली की तो पुढे सरकतो, पाणी खालून वाहायला लागलं की नळी काढतो, पाऊस आला की घरात बसतो. टायमर यातलं काहीही करत नाही. मे महिन्यात लावलेली दहा मिनिटं तो डिसेंबरातही तितक्याच इमानाने पाळतो.

मे आणि डिसेंबरात किती फरक असतो, ते एका कुंडीपुरतं मोजून पाहता येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. बारा इंची कुंडीचं तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटरचं. पुण्या-नाशिककडे मे महिन्याच्या कोरड्या दिवशी माती आणि पानं मिळून सात मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं असं धरलं, तर त्या कुंडीची रोजची गरज अर्ध्या लिटरच्या घरात येते. झाडाचा घेर कुंडीपेक्षा मोठा असेल किंवा गच्चीचं काँक्रीट तापत असेल, तर आणखी थोडी. डिसेंबरात हीच गरज साधारण निम्म्यावर येते. जुलैत उघड्यावरच्या कुंडीला बहुतेक दिवस काहीच लागत नाही. ताशी चार लिटरची ठिबकची तोटी अर्धा लिटर पाणी साडेसात मिनिटांत देते. म्हणजे मे महिन्यात आठ मिनिटं, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात शून्य.

ॲपचा खरा उपयोग इथे आहे. जुन्या, बटणं दाबायच्या टायमरवर वेळ बदलणं इतकं किचकट असे की एकदा लावलेली वेळ कोणी बदलत नसे. फोनवर तेच काम चहा पिता पिता होतं. काही ॲपमध्ये टक्क्यांची एक पट्टी असते. ती शंभरावरून पन्नासावर आणली की सगळ्या वेळा एकदम निम्म्या होतात. किती वाजता पाणी सुटलं आणि किती वेळ चाललं याची नोंदही राहते. वर्षातून चार-पाच वेळा, होळीनंतर, मे लागताना, पाऊस स्थिरावल्यावर, दसऱ्यानंतर आणि थंडी पडल्यावर ही पट्टी हलवणार असाल, तर ॲपवाल्या टायमरचे जास्तीचे पैसे वसूल होतात. हलवणार नसाल, तर साधा चकतीचा टायमरही तेवढंच काम करतो.

‘पाऊस येणार असेल तर आज पाणी नाही’ ही ॲपमधली सोय मात्र आपल्याकडे जपून वापरायला हवी. ॲप हवामानाचा अंदाज वाचतं. तुमची बाल्कनी त्याला दिसत नाही. कोथरूडला सर कोसळते तेव्हा हडपसर कोरडं असू शकतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्या बऱ्याच बागा छज्ज्याखाली किंवा वरच्या मजल्याच्या बाल्कनीखाली असतात. बाहेर आठवडाभर धो धो पाऊस आणि आत तुळस वाळलेली, असं यामुळे होतं. उघड्यावरच्या आणि आडोशाच्या कुंड्या एकाच वेळापत्रकावर ठेवू नयेत. दोन तोंडांचा टायमर त्यासाठीच घ्यावा. मोगरा-जास्वंदाच्या रांगेत अडेनियम ठेवलं, तर रोजच्या पाण्याने ते कुजणार हेही यात आलंच.

आता टाकीच्या उंचीकडे वळू. सर्वांत जास्त फसगत इथे होते, आणि विकणारा याबद्दल सहसा बोलत नाही.

या टायमरांच्या पोटात दोन प्रकारच्या झडपा असतात. एक सोलेनॉइडची: विजेच्या छोट्या झटक्याने एक खीळ हलते आणि पुढचं काम रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने करतो. दुसरी बॉल व्हॉल्व्हची: लहानशी मोटर आतला गोळा काही सेकंदांत फिरवते आणि वाट उघडते किंवा बंद करते. पहिली झडप स्वस्त आणि सेलवर काटकसरीने चालणारी असते, पण तिला पाण्याचा दाब लागतो, साधारण अर्धा ते एक बार. दुसरीला दाबाची गरज नसते. बादलीतून उतरणाऱ्या पाण्यावरही ती चालते.

युरोप-अमेरिकेत नळाला थेट दाबाचं पाणी येतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्या इमारतींत पाणी टाकीतून उतरतं, आणि दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या बाल्कनीत बारा-पंधरा मीटरचा दाब असतो. तिथे कोणताही टायमर चालेल. त्याच इमारतीच्या गच्चीवर टाकी मीटरभर कट्ट्यावर आणि आतलं पाणी आणखी मीटरभर, म्हणजे दाब फार तर ०.२ बार. इथे सोलेनॉइडची झडप उघडतच नाही, किंवा उघडली तर नीट मिटत नाही. नीट न मिटणं जास्त वाईट, कारण रात्रभर पाणी वाहून टाकी रिकामी होते आणि सकाळी सगळी सोसायटी गच्चीवाल्याच्या दारात उभी राहते. गच्चीवर बाग असेल तर बॉल व्हॉल्व्हचाच टायमर घ्यावा, याबाबत तडजोड करू नये. ज्या टायमरच्या माहितीपत्रकात किमान दाब शून्य लिहिलेला असतो, तो हाच.

दाब कमी असला की तोट्यांचं गणितही बदलतं. ‘ताशी चार लिटर’ हा आकडा एक बारच्या आसपासच्या दाबावर मोजलेला असतो. गच्चीवर तीच तोटी कितीतरी कमी पाणी देते, आणि रांगेतल्या शेवटच्या कुंडीला त्याहून कमी मिळतं. उपाय सोपा आहे: पहिल्या आणि शेवटच्या तोटीखाली अर्ध्या लिटरची बाटली ठेवायची आणि ती किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून पाहायचं. टायमरची मिनिटं यावरून ठरवावीत, छापील आकड्यावरून नव्हे.

परदेशातल्या मुला-भाच्यांनी भेट म्हणून आणलेल्या टायमरबद्दलही एक सूचना. अमेरिकेतल्या बागेच्या नळीचे आटे वेगळे असतात: इंचाला साडेअकरा. आपल्याकडच्या पाऊण इंची नळाला इंचाला चौदा आटे असतात. दोन्हींवर ‘पाऊण इंच’ लिहिलेलं असतं, एक-दोन फेरे बसतातही, आणि मग कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी गळती थांबत नाही. जोडणीचा योग्य अडॅप्टर सोबत मागवावा, नाहीतर टायमर इथेच घ्यावा.

मोबाइलवरून पाणी सोडणं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, आणि ती शहरातल्या गच्चीवर जन्मलेलीही नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शेतपंप मोबाइलवरून चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ तयार केलं. २००९ मध्ये नोकियाच्या नवकल्पना स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. तेव्हा स्मार्टफोन गावात पोचलेलेही नव्हते; साध्या बटणांच्या फोनवर ते चालायचं. त्यामागची गरज शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यातली होती. वीज रात्री-अपरात्री येणार, पंप दूर विहिरीवर, वाटेत अंधार आणि विंचू-काटा. या यंत्राची मोलाची गोष्ट अशी की ते फक्त हुकूम पाळत नसे, पंपावर वीज आहे की नाही हेही शेतकऱ्याला कळवत असे.

शहरातल्या बहुतेक टायमरांत हे उलट उत्तर देणंच नसतं. सहा वाजता झडप उघडली, सहा-दहाला मिटली, ॲपवर हिरवी खूण आली. पण टाकीत पाणी होतं का? पालिकेचं पाणी त्या दिवशी उशिरा आलं असेल तर? नळी निसटून सगळं पाणी मोरीत गेलं असेल तर? हिरवी खूण तशीच दिसते. पाण्याचा प्रवाह मोजणारे टायमर मिळतात, ते महाग असतात, पण ज्यांना महिनाभर घर बंद ठेवायचं आहे त्यांनी ते घ्यावेत. न परवडल्यास एका वेळी जास्तीत जास्त किती मिनिटं पाणी सुटावं याची मर्यादा तरी घालून ठेवावी, आणि नळीच्या प्रत्येक जोडावर क्लिप आवळावी.

ॲपवर विसंबण्याचा आणखी एक धोका आहे. अनेक यंत्रं आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतात आणि मग हलतात. नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतलेलं रिव्हॉल्व्ह हे घरातली उपकरणं जोडणारं यंत्र मे २०१६ मध्ये सर्व्हरसह बंद केलं, आणि सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेल्या त्या वस्तू लोकांच्या घरात निकामी झाल्या. टायमर याला अपवाद नाही. म्हणून वेळापत्रक टायमरच्याच आत साठणारं असावं आणि अंगावर हाताने दाबायचं एक बटण असावं. खात्री करायला एक रात्र वाय-फाय बंद ठेवायचं; सकाळी पाणी सुटलं तर वस्तू ठीक. गच्चीवर वाय-फाय पोचत नसेल तर राउटर २.४ गिगाहर्ट्झवर आहे ना ते पाहावं. बहुतेक टायमर तेवढंच ओळखतात, आणि स्लॅबमधून तेच जरा बरं झिरपतं.

बाकी देखभाल शेतातल्या ठिबकसारखीच. बोअरचं जड पाणी असेल तर टायमरच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच, आणि तो पंधरा दिवसांनी धुवायला हवा. नाहीतर क्षार झडपेत आणि तोट्यांत बसतात. टायमर सावलीत टांगावा. सेल चांगल्या प्रतीचे अल्कलाइन घालावेत, कारण झडप उघडी असताना सेल संपला तर काही टायमर ती मिटवू शकत नाहीत. सकाळची वेळ उत्तम; दुपारी काळ्या नळीत साठलेलं पाणी मुळांना भाजेल इतकं तापतं. कोकोपीट पूर्ण वाळलं असेल तर पहिलं पाणी कडेने वाहून जातं. तेव्हा आठ मिनिटं सलग देण्याऐवजी चार-चार मिनिटांचे दोन हप्ते अर्ध्या तासाच्या अंतराने द्यावेत.

सुट्टीला निघायच्या आदल्या रात्री टायमर लावणं ही सर्वांत मोठी चूक. किमान आठ दिवस आधी लावावा, घरात असताना चालू द्यावा, आणि रोज दोन-तीन कुंड्यांत बोट खुपसून माती पाहावी. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर मिनिटं बरोबर आहेत. खाली पाणी साचत असेल तर कमी करावीत.

आणि हे टायमर बनवणाऱ्या, विकणाऱ्या सर्वांना विनंती आहे: झडप कोणत्या प्रकारची, किमान दाब किती लागतो आणि इंटरनेटशिवाय वेळापत्रक चालतं की नाही, या तीन गोष्टी खोक्यावर दर्शनी बाजूला, मराठीत छापा.