दोन कामांमधले दिवस

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर नावाचे गाव लागते. हा सारा पट्टा मूळचा शेतीवाडीचा. १९८० नंतर तेथे खत, वायू, वीज व पोलाद यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्यांतील यंत्रे तपासून सल्ला देण्याच्या कामासाठी आम्हाला अधूनमधून तेथे मुक्काम करावा लागतो. शटडाऊनचे काम दोन-तीन आठवडे चालते. ते संपले की पुढचे बोलावणे येईपर्यंत हात रिकामे. आपल्या गावांतील कितीतरी तरुण आज अशाच फिरत्या कामावर आहेत, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

या रिकाम्या दिवसांत आम्ही धावतो. पहाटे पाचला खोलीतून निघायचे, आतल्या रस्त्याने शेतांच्या कडेने आठ-दहा किलोमीटर जायचे आणि ऊन चढण्यापूर्वी परतायचे. सुरुवातीला दुधाचे कॅन घेऊन जाणारे लोक थांबून विचारीत, “भाऊ, बस चुकली का?” घरी वडिलांचा प्रश्न याहून बोचरा होता. “एवढी ताकद उतू जाते आहे, तर दोन वाफे खणून दे की!”

वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. जो दिवसभर कुदळ मारतो, पाणी वळवतो, भाजीच्या पाट्या वाहतो, त्याला आणखी धावायची गरज नाही. त्याला हवी पुरेशी झोप. पण आमच्यासारख्याचे काय? शेत सुटले, पण शेतकऱ्याचे ताट सुटले नाही. दिवस खुर्चीत, प्रवास गाडीत, जेवण खानावळीत. मग पोट सुटते, रक्तदाब वाढतो, साखर वाढते. काम नसलेल्या दिवसांत कंटाळा आला की बाटलीही जवळची वाटू लागते. हजर नाही त्या दिवसाचा मोबदला नाही, असाच बहुतेकांचा करार असतो. एक माणूस आजारी पडला की घरची चूल अडते. शेतकऱ्याला बैल, तसे आम्हाला आमचे शरीर.

पीक निघाल्यावर आपण जमीन नांगरून उन्हात तापू देतो. ती जमीन रिकामी आहे असे कोणी शेतकरी म्हणत नाही. दोन कामांमधले दिवसही तसेच राखावेत, असे आमचे मत आहे.

मात्र येथे उतावळेपणा नको. एका मे महिन्यात आम्ही उशिरा निघालो आणि हट्टाने पंधरा किलोमीटरचा बेत धरला. पायांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका शेतकऱ्याने सावलीत बसवून डोक्यावर पाणी ओतले आणि मीठ घातलेले ताक पाजले, म्हणून निभावले. तेव्हापासून आम्ही पुढील नियम पाळतो :

१. आधी चालणे, मग धावणे. निदान महिनाभर रोज अर्धा तास झपझप चालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. तेवढे चालण्यानेही साधते.

२. चाळिशी उलटली असेल तर आधी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीत दुखले, दडपले किंवा दम कोंडला तर तेथेच थांबावे व डॉक्टर गाठावा.

३. फार घाम गेल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडाने काही न पाजता अंगावर पाणी मारीत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

४. ट्रकांच्या रस्त्यावर धावू नये. धावावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिकट कपड्यांत.

५. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती.

धावणे हा शहरी लोकांचा शौक, असे समजू नये. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या शेतकरी घरातला अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. आपल्याला पदके नकोत. पण पाय आपल्याच मातीत घडतात, एवढे यातून ध्यानी घ्यावे.

तेव्हा बाहेरगावी कामाला असलेल्या आपल्या मुलांना, भावांना पत्रात किंवा फोनवर पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : “आज किती चाललास?” आणि सुट्टीत घरी आला की त्याला दोन वाफेही अवश्य खणायला लावा. आम्ही खणतो. वडील आता हसत नाहीत.