लोकाच्या शेतातून

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्याचं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बेळगावहून दोघा-तिघांचे निरोप आले, "त्यांना लंडन दाखवलंस का?" दाखवलं. बकिंगहॅम पॅलेससमोर ते अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, "कंपाउंड बरं बांधलंय." तेव्हा आजचा लेख लंडनचा नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारचा आहे, आणि त्या दिवशी आम्ही जे पाहिलं त्याला तिकीट नव्हतं.

आम्ही शेफिल्डला राहतो. इथून पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर जवळ आहेत. पण पहिली दोन वर्षं आमची सुट्टी म्हणजे मॉल, नाहीतर दोन दिवसांत बारा ठिकाणं बघून होणारी एखादी सहल. मुलं गाडीत झोपायची आणि आम्ही फोटो काढायचो. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एकदा विचारलं, "तुम्ही चालत नाही का?" मला वाटलं, बसस्टॉपपर्यंतचं विचारतोय. त्याचा प्रश्न होता तो शेतातून, कुरणातून, डोंगरावरून चालायचा. इथली अर्धी माणसं रविवारी तेच करतात, पोरंबाळं, कुत्री, थर्मास घेऊन, आणि पाऊस असला तरी.

या चालण्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती समजायला मला बराच वेळ लागला. जमीन खासगी असते, पण तिच्यातून जाणारी ठरावीक पायवाट सगळ्यांची असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. नकाशावर त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. प्रत्यक्षात खांबावर पिवळा बाण असला की ती पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असला तर घोडा आणि सायकलही चालते. शेतकरी शेत नांगरतो तेव्हा मधून जाणारी वाट मोडली तरी चालते, पण चौदा दिवसांच्या आत ती किमान मीटरभर रुंद अशी परत करून द्यावी लागते. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. का ते पुढे सांगतो.

तर त्या शनिवारी आम्ही पाच जण एडेलच्या गाडीत बसलो. शेफिल्डहून पाऊण तासाच्या आत पोचते. मध्ये टॉटलीचा बोगदा लागतो, साडेपाच किलोमीटरांहून लांब. धाकटा पाच वर्षांचा आहे, तो बोगदा संपेपर्यंत श्वास रोखायचा म्हणतो आणि दर वेळी पंधरापर्यंत मोजून हरतो. बोगदा संपला की शहरही संपलेलं असतं. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि त्यांच्या हद्दी दाखवणारे दगडी गडगे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेला. बाबा खिडकीला नाक लावून बसले. पॅलेसपुढे जे झालं नाही ते इथं झालं.

एडेलला उतरून गावातल्या पबपर्यंत गेलं की तिथून पेनाइन वे सुरू होतो. हा इंग्लंडचा पहिला राष्ट्रीय पायी मार्ग, 1965 मध्ये खुला झाला. सुमारे 430 किलोमीटर चालत गेलात तर थेट स्कॉटलंडच्या हद्दीत पोचता. आम्ही त्यातले पहिले अडीच चालणार होतो, अपर बूथ नावाच्या वस्तीपर्यंत, आणि त्याच वाटेनं परत. बाबांचा गुडघा आणि धाकट्याची तक्रार, दोन्हींना झेपेल इतकंच. (नवीन येणाऱ्यांना सांगतो, स्टेशनजवळ स्वच्छतागृह आहे, तिथंच उरकून घ्या. पुढे नाही.)

पहिलं गेट आलं. या गेटाची एक गंमत आहे. अर्धगोल कठड्याच्या आत दार हलतं. आपण आत शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, दार पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, जनावर जात नाही. दार दोन्ही बाजूंना टेकतं म्हणून त्याला किसिंग गेट म्हणतात. थोरलीनं हे नाव आजोबांना मोठ्यांदा सांगितलं. आजोबा म्हणाले, "काय गेट?" मी म्हटलं, "वळणाचं गेट, बाबा." आठ वर्षांच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं ते बघण्यासारखं होतं.

एकेक करून आम्ही चौघं पलीकडे गेलो. बाबा अलीकडेच उभे.

"या ना बाबा."

"मालकाला विचारलास काय?"

"विचारायला लागत नाही. हक्काची वाट आहे. हा बघा बाण."

"बाण असू दे. लोकाच्या शेतातनं कसं जाऊलालास? गवत तुडवूलालास त्याचं."

मी नकाशा काढला, हिरवी रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली. पण पाय पुढे टाकला नाही. बायकोनं मला खूण केली, राहू दे, इथंच बसून डबा खाऊ. पोरं पुढे पळाली होती.

आमच्या घरातली ही गोष्ट मी या सदरात कधी लिहिलेली नाही. गावाकडे आमची दोन एकर होती. आजोबांच्या पाठीमागे वाटण्या झाल्या, तेव्हा आमच्या तुकड्याला जायची गाडीवाट थोरल्या काकांच्या हिश्श्यातून राहिली. तोंडी ठरलेली. पुढे बायकांचं काही बिनसलं, मग भावांचं. एका मिरगाच्या तोंडावर बाबा बैलगाडीत शेणखत भरून गेले, तर वाट नांगरलेली आणि तोंडाशी काट्यांचं कुंपण. बाबांनी दावा लावला. माझं निम्मं लहानपण त्या दाव्याच्या तारखांत गेलं. कापडी पिशवीत कागद घालून ते सकाळच्या एस. टी.नं जायचे आणि संध्याकाळी 'पुढची तारीख' घेऊन यायचे. अकरा वर्षांनी दोघंही थकले. ज्या शेताला वाट नाही ते विकत घेणार कोण? शेवटी तडजोडीत काकांनीच घेतलं, चालू भावापेक्षा बऱ्याच कमी दरानं. त्या पैशांतून माझी बी.ई.ची चार वर्षं झाली. मी आज इथं आहे तो त्या वाटेमुळे म्हणायचं की ती नव्हती म्हणून, मला सांगता येत नाही. दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

गेटाशी बाबा उभे होते, तेव्हा मला हे सगळं एकदम दिसलं आणि काय बोलावं कळेना. सोडवणूक धाकट्यानं केली. तो पळत परत आला आणि ओरडला, "आजोबा, शीपच्या अंगावर नंबर आहेत! ट्वेंटी सेव्हन! रेसिंग कारसारखे!"

बाबांनी मान उंचावून बघितलं. "आणि पिल्लावर कितीचा आहे?"

"तोच! ट्वेंटी सेव्हन!"

"मग ती त्याची आई. मेंढरं मिसळली तर कुणाचं कोण कसं कळायचं? म्हणून." आणि हे सांगता सांगता ते गेटात शिरले, कोपऱ्यात उभे राहिले, दार ढकलून बाहेर आले. मग मागं वळून दार नीट टेकलंय का ते हात लावून बघितलं.

पुढचा तासभर जोड्या लावायचा खेळ चालला. एकोणीसची दोन पिल्लं, चाळीसचं एकच, बाराचं पिल्लू आईपासून लांब राहून ओरडतंय. थोरली वहीत लिहीत होती. एरवी दर दहा मिनिटांनी "अजून किती?" विचारणारी मुलं त्या दिवशी आमच्या पुढं होती. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर एप्रिल-मे यासाठीच निवडा. मेंढ्यांच्या अंगावर जायचं नाही, आणि शेतात गाय-वासरू असेल तर त्यांच्या मधून कधीच नाही. वळसा घ्यावा. मध्येच धाकट्याचा हात नेटलला लागला. आपल्या खाजकुयलीसारखाच हा ताप, पण पानांवरच्या बारीक केसांचा. इथले लोक डॉक नावाचा रुंद पाला चोळतात. उतार पाल्यानं पडतो की चोळण्यानं, देव जाणे. रडं मात्र थांबतं.

प्रत्येक गेटाशी बाबा थांबायचे. इथला नियम गेट लावण्याचा नाही, जसं सापडलं तसं ठेवण्याचा आहे. एक गेट मुद्दाम उघडं बांधून ठेवलेलं होतं, थोरली ते लावायला गेली. मी समजावणार तोच बाबा म्हणाले, "राहू दे बाळ. पाण्याला सोडली असतील जनावरं. लावलंस तर तहानेनं मरतील."

अपर बूथला वाट चक्क शेतकऱ्याच्या अंगणातून जाते. एका बाजूला गोठा, दुसरीकडे ट्रॅक्टर. बूथ म्हणजे पूर्वीच्या गुराख्यांची खोप. या खोऱ्यात अशा पाच बूथ होत्या, त्यांचीच ही गावं झाली. अंगणात बाबांची चाल एकदम हळू झाली, हात आपोआप जोडले गेले. चार चाकांच्या मोटरसायकलवर बसलेल्या शेतकऱ्यानं नुसती मान हलवली आणि आपल्या कामाला लागला. ना "कोण तुम्ही" ना "या बसा". बाबांना हे दुसरं जरा लागलं. "पाणी तरी विचारायचं की," ते पुढं गेल्यावर म्हणाले. त्यांचं बरोबरच आहे. इथं वाट मिळते, पाहुणचार नाही.

ओढ्याकाठी बसून डबा सोडला. दशम्या, शेंगाची चटणी आणि बाबांनी आणलेला कुंदा. वर किंडर स्काउटचं पठार दिसत होतं. बाबांनी विचारलं, "हे सगळं राजानं दिलं काय लोकांस्नी?"

नाही. मी त्यांना 1932 ची गोष्ट सांगितली. त्या काळी ही पठारं धनिकांच्या शिकारीसाठी राखलेली होती, पक्ष्यांच्या. गिरण्यांत राबणाऱ्या पोरांना रविवारी वर पाय ठेवायची बंदी. 24 एप्रिलला चारेकशे जण पलीकडच्या हेफिल्ड गावातून ठरवून वर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय अवघं वीस. शेफिल्डची एक तुकडी याच एडेलमधून गेली. वर राखणदारांशी झटापट झाली आणि पाच पोरांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे 1949 मध्ये कायदा आला, त्यानं वाटा कागदावर नोंदायला लावल्या, आणि 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. अशा मोकळ्या माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळायला मात्र 2000 साल उजाडलं. त्या सत्याग्रहाला सत्तर वर्षं झाली तेव्हा, 2002 मध्ये, ज्यांच्या आजोबांची ती जमीन होती त्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी तिथं येऊन सगळ्यांसमोर माफी मागितली.

"नातवानं मागितली?"

"हो."

बाबांनी कुंद्याचा डबा बंद केला. "आणि शेतांतनं वाटा जातात, त्या जमिनी?"

"मालकाच्याच आहेत. वाट तेवढी सगळ्यांची."

यावर ते काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीत मात्र नकाशा मांडीवर पसरून त्यांनी हिरव्या रेघांवरून बोट फिरवत बसायचं काम केलं. बोगद्यात अंधार झाला तरी घडी घातली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर म्हणाले, "ते वळणाच्या गेटाचा फोटो आहे काय? पोरं आत अडकलेला?"

"आहे की."

"दादाच्या पोराकडं पाठव."

मी बायकोकडे बघितलं. चुलतभावाचा नंबर माझ्याकडे होता, दिवाळीला शुभेच्छांपुरता. फोटो पाठवला. खाली काय लिहावं सुचलं नाही, म्हणून काहीच लिहिलं नाही. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

उत्तर सकाळी आलं. "अण्णा विचारतायत, या गेटातनं म्हस कशी जाते?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "लिही. म्हशीला शेजारी मोठं गेट आहे. हे माणसाचं."

मी लिहिलं. मग ते म्हणाले, "थांब, आणि एक लिही. गुडघा कसा आहे विचार त्याचा."