डोंगर न चढता भूशास्त्राची पंडितपदवी?

भूशास्त्रात पीएच.डी. होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने काय काय करावे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत सविस्तर सांगितले आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत, अथवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के. राखीव प्रवर्गांना व दिव्यांगांना त्यांत ५ टक्क्यांची सवलत आहे. नंतर प्रवेशपरीक्षा व मुलाखत, किमान १२ श्रेयांकांचा पाठ्यक्रम, तीन ते सहा वर्षांची मुदत, प्रबंध, बाहेरचे निदान दोन परीक्षक आणि शेवटी मौखिक परीक्षा. एवढ्या सगळ्या अटींत, विद्यार्थ्याने आपल्या पायांनी एखादा डोंगर हिंडून त्याचा नकाशा काढलेला असावा, अशी अट मात्र कोठेही नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

प्रवेशपरीक्षेचे स्वरूप पाहा. २०२४ मध्ये आयोगाने ठरविले की, विद्यापीठांनी निरनिराळ्या परीक्षा घेण्याऐवजी नेट परीक्षेचे गुण प्रवेशासाठी ग्राह्य धरावेत. ज्यांना शिष्यवृत्तीची श्रेणी मिळाली नाही, त्यांच्या बाबतीत ७० टक्के भार त्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. भूशास्त्राचा विद्यार्थी जी नेट देतो, तीत भूशास्त्राबरोबर वातावरण, सागर आणि ग्रह यांचीही शास्त्रे एकत्र आहेत. तीन तास, २०० गुण आणि दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे. अशा परीक्षेने वाचन कळते, स्मरण कळते, काही अंशी बुद्धीही कळते. परंतु उघड्या कड्यापुढे उभे राहिल्यावर थर कोणीकडे कलला आहे, खडक कोठे तुटला आहे, पाणी कोठून झिरपते आहे, हे ज्याला दिसते आणि ज्याला दिसत नाही, त्या दोघांतील भेद तिला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आजचे भूशास्त्र प्रयोगशाळेत आणि संगणकावर चालते. उपग्रहांची चित्रे असताना चिखल तुडवीत हिंडायचे कशाला? या युक्तिवादात आम्हांस तथ्य वाटत नाही. खडकाचे वय यंत्र सांगते हे खरे. पण तो तुकडा कोणत्या थरातून, कोणत्या बाजूने उचलला हे यंत्र सांगत नाही. ते उचलणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकलेले दाराशा नौशेरवान वाडिया यांनी नंगा पर्वताच्या परिसरात वर्षानुवर्षे हिंडून हिमालयाच्या रांगा तेथे कशा वळतात याचा उलगडा केला. १९५७ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, ते ज्या कार्याच्या बळावर, त्याची मुळे त्या पायपिटीत होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकच परीक्षा सर्वांना एका मापाने मोजते. क्षेत्रकार्य मोजायला बसलात की शिफारशी शिरतील, असे म्हणतात. ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच परीक्षा काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलाखतीचे ३० टक्के आज कशावर दिले जातात? उमेदवाराने पदव्युत्तर वर्गात असताना स्वतः काढलेला नकाशा व क्षेत्रवही मेजावर ठेवावी आणि त्यांवरच त्याला प्रश्न विचारावेत. मग शिफारशीला जागा उरेल की कमी होईल? वहीत पाऊस पडल्याचे डाग असतात, चुकलेल्या रेघा असतात. ती एका रात्रीत रचता येत नाही.

आयोगाची नियमावली नावानेच 'किमान' मानकांची आहे. तीत भर घालण्यास विद्यापीठांना कोणी अडविलेले नाही. १२ श्रेयांकांपैकी निदान ४ प्रत्यक्ष नकाशाकामाला द्यावेत. प्रबंधासोबत प्रत्येक नमुन्याचे ठिकाण नोंदवावे आणि क्षेत्रवही विभागात जपून ठेवावी. प्रबंधापूर्वी संशोधनपत्रिकेत निदान एक निबंध प्रसिद्ध करण्याची २०१६ ची अट २०२२ मध्ये गेली, हे बरे झाले. पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या पत्रिकांचा बाजार तिने पोसला होता. पण त्या रिकाम्या जागी भूशास्त्राने आपली अट घालावयास हवी होती. ती घातली गेली नाही.

क्षेत्रकार्य खर्चाचे आहे आणि ते सक्तीचे केल्यास गरीब घरची मुले व मुली मागे पडतील, हेही आम्ही जाणतो. त्यावर उपाय खर्च उचलण्याचा आहे, काम टाळण्याचा नव्हे. स्त्रियांना नियमावलीने मुदतीत दोन वर्षांची वाढीव सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपनाची रजा दिलेली आहे. तिच्या जोडीला प्रवासाची व सुरक्षित निवासाची सोय विभागाने करावी.

आमच्या देवस्थानी वाचकांना वाटेल की, या विद्यापीठीय वादाशी आपला काय संबंध? संबंध आपल्या तळीच्या पाण्याइतका निकट आहे. गोव्यातील कितीतरी देवळांच्या तळ्या व झरी डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यात मुरलेल्या पावसावर जगतात. जांभा पाणी पितो, खालची चिकणमाती ते अडविते, आणि उतारावर झर फुटते. वर खाण खोदावी की नाही, खोदल्यास खालची झर राहील की आटेल, याचा अहवाल उद्या याच पदवीधारकांच्या सहीने निघणार. ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेंहून अधिक माणसे गेली; १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. कोणता उतार केव्हा ढासळेल हे सांगणारी दृष्टी पर्यायी उत्तरांवर खुणा करून येत नाही.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्या देवस्थान समित्या व ज्ञातिसंस्था वार्षिक उत्सवात गुणवंतांना शाल-श्रीफळ देतात, तेव्हा टक्केवारी वाचून दाखवितात. नव्या डॉक्टरांचा सत्कार होतो. त्यांनी कोणती भूमी अभ्यासिली हे कोणी विचारीत नाही. त्या खर्चातून दर वर्षी एका विद्यार्थ्याला एका हंगामाचे क्षेत्रकार्य करता येईल. महाजनांनी त्याला अग्रशाळेत उतरू द्यावे, आपल्या झरीचा व डोंगराचा नकाशा त्याच्याकडून मागावा, आणि त्याचा सारांश मराठीत व कोंकणीत देवळाच्या फलकावर लावावा. विद्यापीठे अट घालोत वा न घालोत, एवढे आपल्या हातांत आहे.

ज्याने भूमी पाहिली नाही त्याला भूमीचा पंडित म्हणू नये, इतकीच आमची मागणी आहे. ती विद्यापीठांना अवघड वाटत असेल, तर या शास्त्राची पदवी आपण कशासाठी देतो याचे उत्तर त्यांनी द्यावे.