भाजी लपवू नका, निवडायला द्या!

"आमचा बंड्या भाजी खातच नाही हो!" आमच्या नाहूरच्या सोसायटीत हे रोजचंच. त्यावर उपायही ठरलेला... पालक वाटून पराठ्यात घाला, दुधी किसून थालीपिठात ढकला. मला हे अजिबात पटत नाही. ही चक्क फसवणूक आहे. मूल पालक खायला शिकत नाही, आईच्या पराठ्यावर संशय घ्यायला शिकतं!

त्यापेक्षा त्याला स्वयंपाकघरात घ्या. पावसाळ्यात बाजारात टाकळा येतो, त्याची कोवळी पानं त्याला खुडू दे. शेवळं मोठ्यांनीच साफ करायची, पण ती घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं घालतात, हे त्याला सांगा. अर्धी भीती तिथेच कुतूहल होते. नवी चव एका घासात आवडत नाही. आहारतज्ज्ञ सांगतात, ८-१० वेळा तरी ती पुढ्यात यावी लागते. हाताळलेली, वास घेतलेली भाजी ताटात येते तेव्हा निम्मी ओळख झालेली असते.

"वेळ कुठाय?" मोबाईल दाखवत तासभर भरवायला मिळतो ना? मग रविवारी अर्धा तास द्या. पीठ सांडेल, सांडू दे. फक्त "तूच केलंयस, आता खाच" अशी सक्ती नको.

आणि आत्या, हे खास तुझ्यासाठी: "मुलगा काय ओट्याशी उभा राहणार?" असं म्हणू नकोस गं. नखरे तिथूनच सुरू होतात. ज्याला आयतं मिळतं, तोच ताटाला नावं ठेवतो.