रोटरीचं प्रेम आणि त्याचं बिल

रोटरी इंजिनाच्या गाड्यांबद्दल नेटवर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक एकाच सुरात असतं. बिचारं हुशार इंजिन, जगाला कळलंच नाही, बड्या लोकांनी दाबून टाकलं वगैरे वगैरे. मला हे काही पटत नाही. इंजिन मलाही आवडतं, भयंकर आवडतं. पण त्याच्यावर अन्याय झाला म्हणणं म्हणजे जरा जास्तच. उलट इतके लाड दुसऱ्या कुठल्या इंजिनाचे झाले असतील असं वाटत नाही.

आधी थोडं तंत्र. (आई, एवढा परिच्छेद सोडलास तरी चालेल.) नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि त्या वरखालीचं मग गोल फिरणं करावं लागतं. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाचं म्हणणं असं, की शेवटी गोलच फिरवायचंय ना, मग आधी वरखाली कशाला? त्याच्या इंजिनात भुईमुगाच्या शेंगेसारखी, मधे किंचित चेपलेली पोकळी असते आणि आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो. तिन्ही बाजूंना एकाच वेळी वेगवेगळी कामं चालू: कुठे पेट्रोल-हवा आत येतेय, कुठे ती दाबून पेटतेय, कुठे धूर बाहेर जातोय. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, थरथर जवळजवळ नाहीच. एनएसयू कंपनीत १९५७ साली असं पहिलं इंजिन चाललं. ते गाडीत बसवण्याजोगं सुटसुटीत केलं हान्स डीटर पाश्के या इंजिनियरने, नाव मात्र वांकेलचंच राहिलं. असो.

गोची आहे ती त्रिकोणाच्या तीन टोकांशी. तिथल्या सीलच्या पट्ट्या सतत भिंतीला घासत राहतात, त्यांना वंगण म्हणून थोडं ऑइल मुद्दामच जाळावं लागतं. शिवाय जिथे पेट्रोल पेटतं ती जागा लांबट, चपटी आणि स्वतःही सरकणारी. त्यामुळे सगळं इंधन नीट जळत नाही आणि गाडी पेट्रोल पिते. हा कुणाचा कट नाही, ही भूमिती आहे!

आता खरी गंमत. मूळ कल्पना एकच, पण दोन कंपन्यांची दोन तऱ्हा. एनएसयूने १९६७ मध्ये आरओ ८० काढली. दिसायला काळाच्या दहा वर्षं पुढची, १९६८ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' सुद्धा. पण सील पुरेसे टिकाऊ झालेच नव्हते. इंजिनं धडाधड बसू लागली आणि कंपनी वॉरंटीत बदलून देता देता मेटाकुटीला आली. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पदरात गेली. असं सांगतात, की समोरून दुसरी आरओ ८० आली की मालक हात वर करून बोटं दाखवायचे, आत्तापर्यंत किती इंजिनं बदलली ते.

तिकडे हिरोशिमात माझदाने १९६१ मध्येच परवाना घेतला होता. (आपल्याला माझदा म्हटलं की आठवतात स्वराज माझदाच्या मिनीबस!) जपान सरकारला छोट्या मोटार कंपन्या एकत्र करायच्या होत्या, त्यामुळे स्वतःचं असं काहीतरी असणं माझदाला भागच होतं. केनइची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे इंजिनियर, मिळून सत्तेचाळीस जण, कामाला लागले. सीलमुळे आतल्या भिंतीवर ओरखडे उठत, त्यांना ते 'सैतानाची नखं' म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमचे सील करेपर्यंत वर्षं गेली. कॉस्मो स्पोर्ट लोकांना विकली ती १९६७ मध्ये, पण त्याआधी चाचणीच्या ऐंशी गाड्या पळवून झाल्या होत्या. मला यामामोतोंचा आदर वाटतो तो इथे. नखं त्यांनी आपल्या भिंतीवर सोसली, गिऱ्हाइकाच्या नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले नेमकं उलट करतो आणि त्याला बीटा म्हणतो :)

पण म्हणून माझदाचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या अमेरिकेत पडून राहिल्या. कंपनी बुडताबुडता सुमितोमो बँकेने सावरली आणि कारखान्यातल्या हजारो कामगारांना गाड्या विकायला पाठवलं गेलं. हट्ट साहेबांचा, दारोदार फिरणार कामगार. ही गोष्ट चाहत्यांच्या लेखांत फारशी येत नाही.

येते ती ल मांची. १९९१ मध्ये माझदा ७८७बी तिथली चोवीस तासांची शर्यत जिंकली, जिंकणारी पहिली जपानी गाडी. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता, की बक्षीस घ्यायलाही उभा राहू शकला नाही. पुढे सगळे सांगतात, "जिंकली म्हणून बंदी घातली!" साफ खोटं. ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता. ते वर्ष रोटरीची शेवटची संधी होती आणि माझदाला ते माहीत होतं. मला तर हीच गोष्ट जास्त आवडते.

२०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाली. २०२३ला रोटरी परत आली ती एमएक्स-३० मध्ये, ८३० सीसीचा एकच रोटर, काम फक्त वीज तयार करायचं. चाके विजेच्या मोटरवर. चाहते नाक मुरडतात, "जनरेटर केला!" मला वाटतं, छोटं, हलकं, न थरथरणारं इंजिन अशा कामाला शोभतं.

हे सगळं आठवायचं कारण आमचा न्यूझीलंडचा भाचा. जुनी आरएक्स-८ स्वस्तात मिळतेय म्हणून उड्या मारतोय. बाबा रे, स्वस्त का मिळतेय ते वर लिहिलंय. तरी घ्यायचीच असेल तर रोटरी जाणणाऱ्या मेकॅनिककडून तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं मोजून घे, साध्या गेजचा आकडा धरू नकोस. गरम इंजिन बंद करून लगेच चालू होतंय का पाहा. थंड इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करू नकोस, प्लग भिजून बसतात. आणि पेट्रोल भरताना ऑइलही बघत जा. ताईला फोन मी करतो, तू आत्ताच काही बोलू नकोस.