पोपटानं वाईट चिठ्ठी काढली!

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात सगळ्यांत जाड पाकीट आलं ते हिंगोली जिल्ह्यातून. नर्सी नामदेवजवळच्या खेड्यात राहणाऱ्या, सातवीतल्या एका मुलाचं. 'काका, माझं नाव छापू नका' असं त्यानं दोनदा लिहिलंय, म्हणून नाव छापत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांनी वाचावं असं आहे. आईबाबांनीसुद्धा, बरं का!

झालं असं, की ही मंडळी हिंगोलीचा दसरा बघायला गेली. आकाशपाळणा झाला, भेळ झाली आणि परत निघताना रस्त्याच्या कडेला पोपटवाला दिसला. ताई यंदा दहावीला, म्हणून तिच्या नावानं पोपट सोडला. पोपट तुरुतुरु पिंजऱ्याबाहेर आला, त्यानं चोचीनं एक चिठ्ठी ओढली. पोपटवाल्यानं वाचलं: 'विद्येत अडथळा. मन चंचल राहील. जवळच्या माणसापासून सावध.' ताईनं ते शब्द गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. तेव्हापासून ती पुस्तक उघडून नुसती बसून राहते. आणि वडील म्हणतात, 'नापासच व्हायची असेल तर पुढं हिंगोलीला कॉलेजात घालून काय करायचं? एसटीचं भाडं तरी वाचंल.'

शेवटी मुलानं विचारलंय, 'काका, वाईट चिठ्ठीचा अर्थ चांगला लावता येतो का?'

प्रश्न लई भारी आहे, मित्रा! कारण हा प्रश्न पडलेला तू काही पहिला नाहीस. चीनमध्ये शेकडो वर्षं लोक हाच प्रश्न घेऊन देवळाबाहेर रांगा लावत आलेत.

हाँगकाँगमध्ये वोंग ताई सिन नावाचं एक मोठं देऊळ आहे. तिथं भाविक गुडघे टेकून बसतात. हातात बांबूचं नळकांडं, त्यात शंभर काड्या, प्रत्येकीवर आकडा. मनात प्रश्न धरायचा आणि नळकांडं तिरकं करून खळखळ हलवत राहायचं, एक काडी बाहेर पडेपर्यंत. त्या आकड्याची चिठ्ठी असते. पण चिठ्ठीवर 'पास' किंवा 'नापास' असं सरळ लिहिलेलं नसतं! तिच्यावर असते एक छोटी कविता आणि बहुतेक वेळा जुन्या इतिहासातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख. आता तिचा अर्थ कोण लावणार? त्यासाठी देवळाशेजारी अर्थ सांगणाऱ्यांची दुकानंच आहेत. दुकानदार पहिलं काय विचारतो ठाऊक आहे? 'तुम्ही विचारलं काय होतं?'

आलं ना लक्षात? चिठ्ठी तीच, पण आजाराबद्दल विचारलं असेल तर अर्थ एक, प्रवासाबद्दल विचारलं असेल तर दुसरा. वाईट चिठ्ठी निघाली तरी तो 'झालं, संपलं' असं सहसा म्हणत नाही. घाई करू नका, अमुक सांभाळा, थोडं थांबा, असं काहीतरी सांगतो. अर्थ चिठ्ठीत थोडा आणि माणसांच्या बोलण्यात जास्त!

जपानी लोकांची रीत तर मला फारच आवडते. टोकियोतल्या असाकुसाच्या देवळात अशाच चिठ्ठ्या निघतात आणि शंभरातल्या साधारण तीस वाईट असतात. वाईट निघाली, की लोक तिची घडी घालून तिथल्याच दांडीला बांधतात आणि हात झटकून घरी जातात. वाईट नशीब देवळातच राहू दे, आपल्याबरोबर कशाला!

आपल्याकडं कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे. उजवीकडचं आधी पडलं तर 'हो', डावीकडचं पडलं तर 'नाही'. डावा कौल आला, की लोक प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. यंदा नको तर पुढच्या वर्षी करू का? 'कौल' हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ वचन. शिवाजी महाराजांच्या काळी रयतेला जमीन कसण्यासाठी अभय देणारे कागद निघत, त्यांनाही कौलच म्हणत.

आता कुणी म्हणेल, 'काका, पण वाईट चिठ्ठ्या खऱ्या होतात की!' होतात ना. हाँगकाँगमध्येच शा टिन भागात चे कुंग नावाच्या सेनापतीचं देऊळ आहे. तिथं चिनी नववर्षाला सगळ्या शहरासाठी एक काडी काढतात. २००३ साली एका बड्या सरकारी अधिकाऱ्यानं ती काढली आणि निघाली वाईट. काही आठवड्यांतच शहरात सार्सची साथ पसरली. २९९ माणसं दगावली. लोक म्हणाले, 'बघा, काडीनं सांगितलं होतं!'

पण तारखा नीट बघा. काडी निघाली फेब्रुवारी २००३ मध्ये. सार्सचा आजार शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात नोव्हेंबर २००२ पासूनच होता. म्हणजे काडी पडण्याच्या आधीच विषाणू उंबऱ्याशी येऊन बसला होता. आणि तो हटला कशानं? रुग्णांना वेगळं ठेवणाऱ्या डॉक्टर-नर्सबाईंमुळं, तोंडावरच्या मास्कमुळं, हात धुण्यामुळं. काडीवर यातलं एक अक्षरही नव्हतं.

थोडं गणितही करू. तुमच्या वर्गात साठ मुलं आहेत आणि सगळ्यांनी असाकुसाची चिठ्ठी काढली असं समजा. शंभरात तीस वाईट, म्हणजे साठांत साधारण अठरा जणांना वाईट चिठ्ठी मिळणार. आता ते अठराच्या अठरा नापास होणार का? आणि उरलेले बेचाळीस पुस्तक न उघडता पास?

१९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकानं एक गंमत केली. ३९ विद्यार्थ्यांना 'हे खास तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. किती जुळतं, त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चारहून जास्त गुण पडले! मग कळलं, की सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता. आता ताईची चिठ्ठी पुन्हा वाचा. 'मन चंचल राहील.' दहावीला कुणाचं मन चंचल नसतं हो? माझं तर इतकं होतं, की भूमितीच्या तासाला मी खिडकीतल्या चिमण्या मोजायचो.

आपल्या पुण्यातही मोठी चाचणी झाली होती. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि सांगितलं, कुठली कुणाची ते ओळखा. सरासरी शंभरात ४६ उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती! मग बिचारा पोपट काय सांगणार? त्याचं सगळं लक्ष मालकाच्या हातातल्या दाण्याकडं. (आणि हो, वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानं आपला पोपट पिंजऱ्यात ठेवायलाही बंदी आहे. खरा अडथळा त्याच्याच नशिबी आलाय.)

तरीही मित्रा, तू अर्थ विचारलास, तर हाँगकाँगच्या दुकानदारासारखा मीही विचारतो, अडथळा कुठला? तो तुझ्याच पत्रात सापडला मला. तू लिहिलंयस, ताईला भूमितीची प्रमेयं येत नाहीत आणि संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेला नेमके लाइट जातात. हे दोन अडथळे दसऱ्याच्या आधीही होतेच ना? मग असं कर. कुठलं प्रमेय अडतंय ते ताईकडून लिहून घे आणि शाळेत गणिताच्या सरांना दाखव. सकाळी उजेडात तासभर तिच्याजवळ बस, ती सिद्धता म्हणेल आणि तू वहीत बघून तपास.

ताईच्या बाबांना माझा नमस्कार. दादा, परीक्षेला अजून वेळ आहे. एखाद्या विषयात गुण कमी पडलेच, तर पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जातंच असं नाही. एसटीच्या पासाची चौकशी आत्ताच करून ठेवा. मुलींना सवलत आहे. आणि एक विचारू? समजा पोपटानं 'उत्तम यश' अशी चिठ्ठी काढली असती, तर तुम्ही पोरीला 'आता अभ्यास नको करू' म्हणाला असता का?

वहीचं ते मागचं पान ताईनं फाडून, घडी घालून दारातल्या लिंबाला बांधलं तरी चालेल. पाऊस आला, की शाई धुऊन जाईल.

बाकीच्या दोस्तांसाठी एक काम. दहा चिठ्ठ्या करा, सातांवर 'चांगलं', तिनांवर 'वाईट'. चाचणीच्या आदल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकानं एक काढायची, नोंद करायची आणि चिठ्ठी परत टाकायची. मार्क लागले, की दोन्ही याद्या शेजारी ठेवून मला पाठवा. आणि हिंगोलीच्या मित्रा, तुझ्या पुढच्या पत्राची वाट बघतोय. ताईलाही दोन ओळी लिहायला सांग. कुठलं प्रमेय, तेवढं कळव.

तुमचा,
काका